तीनशेमधला एक

डोब्रावा, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर १९५१

लुमिर,

अक्षर ओळखलं असशीलच. सहा वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. पण तुझी खुशाली मला पेपरातून कळते आणि माझी तू कधी विचारली नाहीस. म्हणून सरळ कामाचं लिहितो.

मंगळवारी कोठारावर मक्याच्या गाड्या वजनाला लागल्या होत्या आणि मी काट्यापाशी उभा होतो, तेव्हा शहरी टोपीतला एक माणूस आला. नाव टॉलिव्हर. बेसबॉल लीगच्या कचेरीत जुन्या सामन्यांच्या वह्या तपासायचं काम करतो. त्याला घरी नेलं. आल्बिनाने खसखस भरलेले गोड कोलाच पुढे ठेवले. दोन खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "कचेरीत एक पत्र आलंय. तुमच्या भावाच्या तीनशे विजयांपैकी पहिला त्याचा नाही, असं त्यात म्हटलंय." पत्र कुणाचं, ते काही सांगितलं नाही.

ऑगस्ट १९२८. शनिवारचा सामना. तुला आठवत असणार. सहा डाव मी टाकले. पाच-तीन अशी आपली आघाडी होती. खांदा दुखायला लागला म्हणून मी बसलो आणि उरलेले तीन डाव तू टाकलेस. एकोणीस वर्षांचा होतास, टोपी कानांवर यायची. आघाडी शेवटपर्यंत टिकली. रीतीप्रमाणे विजय माझा. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तुझं नाव. गुणलेखक स्प्रेगची चूक. तो बिचारा मेला, आता विचारणार कुणाला?

आल्बिना ऐकत होती. वीस वर्षं पिचरची बायको असूनही तिने विचारलं, खोडी काढायला की खरंच, देव जाणे, "नऊ जण खेळतात, मग विजय एकाच्याच नावावर कसा?"

टॉलिव्हरने समजावून सांगितलं. "बाई, चेंडू ज्याच्या हातात असतो, सामना त्याचा. ज्याने सुरुवात केली, पुरेसे डाव टाकले, आघाडी हातात असताना मैदान सोडलं आणि ती टिकली, विजय त्याच्या नावावर. आता नियम छापलाय. तेव्हा मात्र गुणलेखक ठरवील तसं."

"आणि एवढे मोजून करायचं काय?"

"शंभर झाले की लोक ओळखतात. दोनशे झाले की मानतात. तीनशे झाले की विसरत नाहीत. गेल्या शतकापासून धरलं तरी तीनशेवाले सगळे एका लांबट टेबलाभोवती मावतील."

"आणि नव्व्याण्णववाले?"

तो हसला आणि तिसरा कोलाच उचलला. "असे पुष्कळ आहेत."

माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर.

तो विजय इकडे आला, तर माझे शंभर होतात आणि तुझे दोनशे नव्व्याण्णव. मी त्याला म्हटलं, आधी माझ्या भावाला विचारा, तो मोठा माणूस आहे. तो तुला लिहील. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. नाहीतर म्हणशील, दादाने पाठीमागून केलं.

तसंही तुला एका विजयाने काय फरक पडतो? तीनशे झाल्यावर सुखाने घरी बसायचं सोडून पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरलास. नऊ सामने खेळलास, नऊही हरलास. एवढी हाव!

ओल्ड्रिच


डोब्रावा
२ नोव्हेंबर १९५१

लुमिर,

तुझं कार्ड मिळालं. "दादा, तुला काय हवंय?" एवढीच ओळ. वर पोस्टमनने ती वाचली आणि सगळ्या गावाला सांगितली. तुझ्या सहीचं कार्ड त्याच्या पिशवीतून आलं याचाच त्याला केवढा आनंद!

मला काय हवंय ते ऐक.

आईच्या मयतीला तू आलास तेव्हा चर्चच्या दारात लोक रांगेने उभे होते. माझ्याशी हात मिळवायचे आणि मान वळवून तुझ्याकडे बघायचे. आईच्या नावाची प्रार्थनेची कार्डं छापली होती. त्यावर लोक तुझी सही मागत होते आणि तू देत होतास. आई शवपेटीत, आणि तिच्या नावाखाली तुझी सही! मी तुला अंगणात नेऊन काय बोललो ते तुला पाठ असेल. आल्बिना म्हणते, तू नाही म्हटलं असतंस तर लोकांना वाईट वाटलं असतं. तिला सगळ्यांचं पटतं, माझं सोडून.

कोठारावर येणारा प्रत्येक शेतकरी मला विचारतो, "लू काय म्हणतो?" लू! लुमिर म्हणायला त्यांची जीभ वळत नाही, आणि ही सगळी चेक माणसं. मी नऊ वर्षं मोठ्या लीगमध्ये काढली. माझं कुणी काही विचारत नाही. मी लू क्युबॅटचा भाऊ, गाड्यांचं वजन करणारा.

आता खरं सांगतो, कारण टॉलिव्हर कधी ना कधी तुला सांगेलच. कचेरीला ते पत्र मीच लिहिलं. जुलैमध्ये पेपरात वाचलं की जुन्या वह्या उघडल्यामुळे कुणा मेलेल्या पिचरला एक विजय सापडला. वाटलं, मेलेल्याला मिळतो, मग मला जिवंतपणी का नाही? चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा टाकलं. सही केली नव्हती, पण टॉलिव्हर माझं अक्षर बघूनच आला असणार.

स्प्रेगची चूक दुरुस्त करून घेणं हा काही गुन्हा नाही. मी फक्त माझं मागतोय.

ओल्ड्रिच


डोब्रावा
९ डिसेंबर १९५१

लुमिर,

टॉलिव्हरने तुझ्या जबानीची नक्कल पाठवली. पाकीट आल्बिनाने फोडलं. स्वयंपाकघरात उभं राहून तिने मोठ्याने वाचलं आणि मी बूट काढता काढता तसाच बसून राहिलो.

"मी कपडे बदलायच्या खोलीच्या दाराबाहेर होतो. स्प्रेगने माझ्या भावाला विचारलं, विजय कुणाच्या नावावर लिहू? माझा भाऊ म्हणाला, पोराच्या नावावर लिही. मी ऐकलं आणि गप्प बसलो. तो विजय त्याचा आहे. त्याला द्या."

आल्बिना कागद खाली ठेवून म्हणाली, "ओल्डा, तू तर म्हणायचास स्प्रेग चुकला."

"चुकलाच. माझं ऐकलं हीच त्याची चूक."

ती हसली नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही तिने मला फक्त जेवायला हाक मारली.

म्हणजे तुला तेवीस वर्षं माहीत होतं! मी समजत होतो, हे मी आणि स्प्रेग सोडून कुणाला ठाऊक नाही. वाईट दिवस आला की मी मनात म्हणायचो, लू क्युबॅट मोठा असेल, पण पायाचा दगड माझा आहे, आणि त्या गाढवाला पत्ताही नाही. तेवढंच सुख होतं. तेही तू घेतलंस.

तुझं वेगळं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. ते मी एकट्याने कोठारावर वाचलं. तीनशेव्या विजयाच्या दिवशी लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, तेव्हा तू मनात दोनशे नव्व्याण्णव म्हणत होतास. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उतरलास, एक खरा मिळवायला, आणि नऊच्या नऊ हरलास. मी इथे रेडिओपाशी बसून प्रत्येक हार ऐकली, आणि तुला हावरट म्हणत बिअर प्यायलो. हे तुला कळलेलं बरं.

कचेरीने निकाल दिलाय. माझे शंभर, तुझे दोनशे नव्व्याण्णव. गेल्या रविवारी सोकोल हॉलमध्ये गावाने माझा सत्कार केला. अकॉर्डियन होता, बदक आणि कोबी होता, भिंतीवर पुठ्ठ्यात कापलेला शंभरचा आकडा होता. पाद्री भाषणाला उभे राहिले आणि पंधरा मिनिटं तुझ्यावर बोलले. "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. आयुष्याची कमाई त्याने एका शब्दात सोडली." सगळे रडत होते. बायका माझ्याकडे असं बघत होत्या, जणू मी कुणाच्या ताटातली पोळी ओढून आणलीय.

शंभर माझे, आणि टाळ्या तुला. चांगुलपणातही तूच पुढे. कुठे तरी थांबशील की नाही?

ओल्ड्रिच


डोब्रावा
२० मे १९५२

लुमिर,

पेपरात वाचलं तेव्हा आधी वाटलं, छापण्यात चूक झाली असेल. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पिचर! तेही तळाला जाऊन बसलेल्या संघात. त्यांना तिकिटं खपवायला तुझं नाव हवंय आणि तुला एक विजय हवाय. गावातल्या न्हाव्याने मला खुर्चीवर बसवून, गळ्याला कपडा बांधून, हातात वस्तरा घेऊन सुनावलं, "तुझ्यामुळे उतरलाय तो, ओल्डा. त्याला काही झालं तर लक्षात ठेव." मी हललो नाही. वस्तरा गळ्यावर होता.

तीन सामने झाले, तिन्ही हरलास. मी ऐकले. दुसऱ्या सामन्यात सातव्या डावापर्यंत तू पुढे होतास, तेव्हा माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. तू जिंकावंस म्हणून नाही, हरावंस म्हणून. मग त्यांच्या त्या पोरसवदा फलंदाजाने चेंडू कुंपणापार मारला आणि मी खुर्चीतून उठलो. दारात आल्बिना उभी होती. तिने माझं तोंड पाहिलं.

"तो हरला म्हणून तू उठलास?" एवढंच विचारून ती बाहेर कोंबड्यांकडे गेली.

तुला हे का लिहितोय? दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही म्हणून. पाद्र्यांना सांगितलं, तर ते माझ्यासाठी प्रार्थना करतील आणि तुझ्यावर भाषण.

तू त्या कार्डानंतर मला पुन्हा 'दादा' म्हणून लिहायला लागलायस. ते थांबव, नाहीतर मला उत्तर देणं अवघड होतं.

ओल्ड्रिच


डोब्रावा
१२ जून १९५२

लुमिर,

तुला माहीत नाही, पण परवा मी शिकागोला तुझ्या सामन्याला आलो होतो. आल्बिनाला सांगितलं, काट्याचा सुटा भाग आणायला जातोय. तिने पाव आणि सॉसेज बांधून दिलं आणि म्हणाली, "काट्याला माझा नमस्कार सांग."

मी कॅचरच्या मागच्या बाजूला, वरच्या रांगेत बसलो होतो. टोपी खाली ओढली होती, पण त्याची गरज नव्हती. मला कोण ओळखणार?

तू आलास आणि पिचरच्या उंचवट्यावर उभा राहिलास. पाठ तीच. बाबांची. मान थोडी डावीकडे. दुसऱ्या डावात मला दिसलं.

तुझा डावा पाय आत पडतोय. समोर पडायला हवा, तो तिसऱ्या ठाण्याच्या बाजूला वीतभर आत पडतोय. मग हात अंगावरून ओढून आणावा लागतो आणि चेंडू वर राहतो. वर राहिलेला चेंडू कोणीही मारील. खळ्यात मी राखेने रेघ ओढायचो आणि तू सोळा वर्षांचा असताना तुला तिच्यावर पाय टाकायला शिकवलं, ते विसरलास? तुझ्या त्या संघात हे सांगणारं कुणी नाही? सगळे लू क्युबॅटला घाबरतात की काय?

पुढचा चेंडू टाकताना पाय समोर टाक. चेंडू गुडघ्यावर येईल. मग त्यांच्यातल्या निम्म्यांना तो दिसणारही नाही. अजूनही.

ओल्ड्रिच

२३ जून. वरचं पत्र अकरा दिवस माझ्या खणात होतं. त्या अकरा दिवसांत तू दोनदा हरलास. दोन्ही वेळा मला माहीत होतं का हरतोयस, आणि पाकिटावर तिकीटही लावून झालं होतं. रोज सकाळी कोठारावर जाताना पोस्टाच्या पेटीवरून जायचो. आज टाकतोय.


डोब्रावा
५ जुलै १९५२

लुमिर,

२४ तारखेला संघाने तुला मोकळं केलं. २५ ला रेडिओवर ऐकलं. माझं पत्र तुला २६ ला मिळालं असणार, हे मी बोटांवर मोजलं. दोन दिवस. अकरा दिवस आधी टाकलं असतं, तर दोन सामने तुझ्या हातात होते.

पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. ३० तारखेला मी आल्बिनाला सगळं सांगितलं. शिकागो, पाय, खण. मला वाटलं ती घर सोडून बहिणीकडे जाईल. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "हे मला का सांगतोस? त्याला लिहिलंस?" मी म्हटलं, पत्र टाकलंय, तारखा वाचून त्याला कळेल. "मग आता उत्तर येईपर्यंत गप्प बस, आणि आलं की जे असेल ते ऐकून घे."

काल, चार जुलैच्या सुट्टीच्या दिवशी, पोस्टमन मुद्दाम घरी घेऊन आला तुझं पत्र. मी परसात जाऊन उघडलं. मारेकऱ्यालाही निकाल ऐकताना असंच होत असेल.

आणि तू काय लिहिलंस? "दादा, पायाचं मला तीन वर्षं माहीत आहे. उजवा खुबा झिजलाय, फिरत नाही. पाय समोर टाकायला गेलो तर खाली बसतो. डॉक्टर म्हणतात आता लवकरच काठी. पण तुला वरच्या रांगेतून दुसऱ्याच डावात दिसलं, याचा आनंद झाला. इथे कुणालाच दिसलं नाही."

मी परसात बसून मोठ्याने हसलो. आल्बिना धावत आली, तिला वाटलं मला झटका आला.

अरे, मी अकरा दिवस पापी होतो! जेवण गेलं, झोप गेली, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. वाटत होतं, एकदा तरी तुझं काहीतरी माझ्या मुठीत होतं. आणि तुला ते आधीच माहीत! माझ्या पत्राने तू जिंकला नसतास आणि माझ्या खणाने हरला नाहीस. पापसुद्धा माझं मला धड करू दिलं नाहीस.

खुब्याला गरम विटेने शेक. आल्बिना म्हणते, वीट फ्लॅनेलमध्ये गुंडाळ. आणि एकटा राहू नकोस तिकडे. इथे ये थोडे दिवस. हे वाक्य तिने सांगून लिहिलेलं नाही.

ओल्ड्रिच


डोब्रावा
१८ ऑगस्ट १९५२

लुमिर,

तुझी बस काल दुपारी गेली आणि आज मी लिहायला बसलोय. आल्बिनाला वाटतं मी कोठाराचे कागद लिहितोय.

तू आठ दिवस राहिलास. जुन्या गोष्टी कुणीच काढल्या नाहीत, ते मला बरं वाटलं. तू काठी टेकत काट्यापर्यंत यायचास आणि गाड्यांवरची माणसं उतरून तुझ्याभोवती जमायची. मला पुन्हा तेच झालं. लपवत नाही. बुधवारी म्हाताऱ्या श्वेहलाने माझ्याच हातात स्वतःची टोपी दिली, तुझी सही घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून. मी ती टोपी धरून उभा होतो. तुला ते दिसलं. तू त्याला म्हणालास, "आजोबा, ज्याच्या हातात टोपी दिलीत ना, चेंडू धरायला मला त्याने शिकवलं. आधी त्याची सही घ्या." त्याने घेतली. माझं आडनाव माझ्या टोकदार अक्षरात तुझ्या सहीच्या वर. मी रागाने तडफडत होतो, आणि हेही सांगतो, ती सही मी नीट, सावकाश केली.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

काल बसच्या पायरीवर चढताना तू वळून विचारलंस, "दादा, त्या दिवशी तू मला तो विजय का दिलास?" ड्रायव्हर थांबला होता, मागे बाई पिशव्या घेऊन उभी होती. मी म्हटलं, "आता कुठलं आठवतंय?" तू मान हलवलीस आणि आत गेलास.

आठवतं.

गावात सगळ्यांना वाटतं, धाकट्याच्या मायेने दिला. पाद्र्यांनी भाषणात तसं सांगितलं. आल्बिनाही तसंच समजते, म्हणून तर मी तो परत मागितला याचा तिला एवढा राग आला. मी कुणाला खरं सांगितलं नाही.

माझे तेव्हा एकाहत्तर झाले होते. खांदा दुखत होता, पण मला वाटायचं अजून दहा वर्षं आहेत, दोनशे कुठे गेले नाहीत. आणि त्या दिवशी मी बाकावर बसून तुझे तीन डाव पाहिले. तुझा चेंडू कधी इकडे, कधी तिकडे. एकदा तर तू चेंडू टाकण्याआधी माझ्याकडे बघितलंस, आठ वर्षांचा असताना कुत्र्याला घाबरून बघायचास तसं. मी मनात म्हटलं, हा काही टिकत नाही. महिनाभरात घरी जाईल, बाबांबरोबर डुकरं पाळील, आणि म्हातारपणी सांगायला त्याच्याजवळ काहीच नसेल.

तेवढ्यात स्प्रेग आला. "कुणाच्या नावावर लिहू?"

मी म्हटलं, पोराच्या नावावर लिही. दारात आलेल्या भिकाऱ्याला पाव देतात तसा दिला. भरल्या पोटाने. तुझ्या जन्मात तो एकच असेल, अशी माझी खात्री होती. तू दाराबाहेर ऐकलंस ते माझे शब्द होते. माझ्या मनातलं तुला दाराबाहेर ऐकू आलं नाही, म्हणून आज लिहितोय.

मग तू जिंकत गेलास. दहा, पन्नास, शंभर. तू शंभर केलेस त्या वर्षी मी काट्यावर लागलो. तुझ्या प्रत्येक विजयाला मला तो बाक आठवायचा आणि मी काय ठरवलं होतं ते आठवायचं. लोकांना वाटलं मला तुझ्या नावाचा मत्सर आहे. नावाचा होताच. पण मूळ दुखणं हे होतं.

त्या दिवसानंतर तू दोनशे नव्व्याण्णव वेळा मला खोटं पाडलंस, लुमिर, आणि प्रत्येक वेळ मी मोजली.

तुझा दादा,
ओल्ड्रिच